नसलेल्या पाण्याची खात्री : गोड्या सरोवरात बोटीचा हिवाळा



मागच्या व्याख्यानात आपण ‘अभाव’ या पदार्थाबद्दल बोललो. वैशेषिकांनी आधी सहा पदार्थ मानले, पुढे त्यात अभाव हा सातवा आला, मग ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला नेमकं कळतं कसं यावर नैयायिक आणि मीमांसक शेकडो वर्षं भांडले, असं बरंच काही झालं. नंतर एका श्रोत्यांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं, “सर, व्याख्यान आवडलं, पण घडा नाही तर नाही. त्याचं एवढं काय?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला ग्रंथात मिळालं नव्हतं, बोटीवर मिळालं. म्हणून आज बोटीबद्दल बोलणार आहे. माझं लहानपण सोलापूरकडे गेलं. पाणी म्हणजे विहीर, तीही उन्हाळ्यात तळाला गेलेली. पुढे नोकरीनिमित्त कॅनडात आलो आणि ओंटारियो सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर एका लहान मरीनात सत्तावीस फुटी शिडाची बोट एकवीस वर्षं ठेवली. त्यातले एकोणीस हिवाळे ती जमिनीवर होती, दोन हिवाळे पाण्यातच होती. दोन्हीकडे चुका केल्या. त्या चुकांसकट सांगतो. आपल्या श्रोत्यांपैकी काही जण टोरांटो, शिकागो, डेट्रॉइट या भागात आहेत, त्यांना प्रत्यक्ष उपयोग होईल. बाकीच्यांना त्या पत्राचं उत्तर मिळेल, अशी आशा.

गोड्या पाण्याचा स्वभाव

सुरुवात पाण्यापासून करू. समुद्राचं खारं पाणी उणे २ अंशांच्या जरा अलीकडे गोठतं, गोडं पाणी ० अंशाला. फरक लहान वाटतो, पण खरी गंमत गोठण्याच्या आधी आहे. गोडं पाणी थंड होताना जड होत जातं, पण फक्त ४ अंश सेल्सियसपर्यंत. त्याखाली गेलं की ते पुन्हा हलकं होऊ लागतं. त्यामुळे शरद ऋतूत सरोवराच्या पृष्ठभागावरचं पाणी थंड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, आणि हे चालत राहतं. सगळं पाणी ४ अंशांवर आलं की खेळ थांबतो. आता वरचं पाणी आणखी थंड झालं तर ते हलकं असल्यामुळे वरच राहतं आणि तिथेच गोठतं. म्हणून बर्फ वर आणि त्याच्या खाली, तळाशी, त्यातल्या त्यात उबदार पाणी, अशी रचना होते. समुद्राच्या पाण्यात असं होत नाही. ते गोठेपर्यंत जडच होत जातं.

दुसरी गोष्ट शाळेत शिकलेलीच आहे. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. मोकळ्या जागेत वाढलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण चारी बाजूंनी कोंडलेल्या पाण्याचा बर्फ झाला तर पितळ, बीड, प्लास्टिक, काहीही फुटतं.

आणि तिसरी गोष्ट, सरोवरं मोठी असली तरी बंदरं उथळ असतात. ओंटारियो सरोवराची सरासरी खोली ८६ मीटर आहे. एवढा साठा सहजी थंड होत नाही, म्हणून ते सहसा पूर्ण गोठत नाही. शेजारच्या ईरी सरोवराची सरासरी खोली १९ मीटर, ते पाचही सरोवरांत सगळ्यात जास्त गोठतं. पण बोट उभी असते ती दोन-तीन मीटर पाण्यात, बांधाच्या आड. तिथे दोन्हीकडे बर्फ होतोच.

आपल्याकडे कीर्तनात ऐकलेला दृष्टांत आहे, नाव पाण्यात असावी, पाणी नावेत नसावं. कीर्तनकार त्यातून संसार आणि आसक्ती काढतात. इथे मात्र तो जसाच्या तसा, अक्षरशः लागू पडतो. हिवाळ्यात बोट बाहेरच्या पाण्यापेक्षा आत राहून गेलेल्या पाण्याने जास्त मरते.

पहिला रस्ता : बोट जमिनीवर

आमच्याकडे बहुतेक लोक ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बोट क्रेनने बाहेर काढतात. नोव्हेंबरमध्ये या सरोवरांवर जी वादळं येतात ती थट्टेवारी नेण्यासारखी नसतात. ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे २२० मीटरपेक्षा लांब मालवाहू जहाज १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरियर सरोवरात बुडालं, २९ जण गेले, एकही वाचला नाही. आपली बोट त्याच्यापुढे कागदाची.

जमिनीवर बोट उभी करताना एक समजून घ्या. बोटीचं सगळं वजन तळाच्या कीलवर, म्हणजे त्या जड कण्यावर, लाकडी ठोकळ्यांवर टेकलेलं असतं. बाजूला लावलेले लोखंडी टेकू वजन उचलत नाहीत, ते फक्त बोट कलंडू देत नाहीत. म्हणून ताडपत्रीचे दोर त्या टेकूंना कधीही बांधायचे नाहीत. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की टेकू हळूहळू सरकतो, आणि एक टेकू गेला की बोट शेजाऱ्याच्या बोटीवर आडवी होते. दोर बोटीच्या पोटाखालून घेऊन दुसऱ्या बाजूला बांधा. शिडं काढून घरी न्या. ताडपत्रीला दोन्ही टोकांना हवा जायला जागा ठेवा. हवाबंद झाकलेली बोट एप्रिलमध्ये उघडली की बुरशीचा वास येतो.

आता मुख्य काम : पाणी काढणं. कुठे कुठे असतं ते सांगतो. पिण्याच्या पाण्याची टाकी, पंप, गरम पाण्याची टाकी आणि त्यांच्यामधले पाइप. संडास, त्याचा पंप, मैल्याची टाकी. बेसिनखालचा वाकडा पाइप. इंजिन थंड ठेवायला सरोवराचं पाणी आत घेणारा मार्ग, त्यातली गाळणी, रबरी पाती असलेला पंप, आणि धूर बाहेर जातो तिथला पाणी साठवणारा डबा. बोटीच्या तळात साचणारं पाणी आणि ते उपसणारा पंप. पोकळ डोलकाठीचा पाया. सुकाणूच्या पात्याच्या आत झिरपलेलं पाणी. हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि वसंतात पातं फुगून चिरलेलं सापडतं.

जिथून पाणी पूर्ण काढता येत नाही तिथे अँटीफ्रीझ भरतात. इथे दोन सावधगिऱ्या. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत फक्त प्रोपिलीन ग्लायकॉलचं, बहुधा गुलाबी रंगाचं मिळतं ते. मोटारीत घालतात ते सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी असतं, आणि चवीला गोड असल्याने जास्तच धोक्याचं. दुसरी सावधगिरी डब्यावरच्या आकड्याची. उणे ५० लिहिलेलं असतं तेव्हा ते पाइप फुटण्यापासूनच्या संरक्षणाबद्दल असतं. त्याचा चिखलासारखा बर्फ त्याच्या खूप आधीच होऊ लागतो. आणि टाकीत आधीच चार लिटर पाणी शिल्लक असेल आणि तुम्ही वरून चार लिटर अँटीफ्रीझ ओतलंत, तर जे तयार झालं त्याला डब्यावरचा आकडा लागू नाही. म्हणून आधी रिकामं करायचं, मग भरायचं, आणि शेवटच्या नळातून गडद गुलाबी रंग येईपर्यंत थांबायचं. फिक्का आला म्हणजे आत अजून पाणी आहे.

बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडवून ठेवा. शिशाच्या बॅटरीतलं आम्ल पूर्ण चार्ज असताना उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र उणे १०च्या आसपास गोठून फुटू शकते.

माझी पहिली चूक

पहिल्या वर्षी मी हे सगळं यादी करून केलं. प्राध्यापक माणूस, यादी उत्तमच केली. आणि शेवटी, बोट जमिनीवर टेकलेली असताना, तळातले सगळे व्हॉल्व्ह नीट बंद केले. गावाला जाताना घरातले नळ बंद करतो तसे. मनात समाधान होतं की आता आत काही शिरणार नाही.

हे व्हॉल्व्ह बॉलचे असतात. म्हणजे आत एक गोळा, त्याला आरपार भोक. दांडा एका बाजूला केला की भोक पाइपच्या रेषेत येतं आणि पाणी जातं. आडवा केला की भोक आडवं होतं आणि पाणी थांबतं. पण भोक आडवं होताना त्याच्यात जे घोटभर पाणी होतं ते कुठे गेलं? कुठेच नाही. ते गोळ्याच्या पोटात कोंडलं गेलं. जानेवारीत त्याचा बर्फ झाला.

मे महिन्यात क्रेनने बोट पाण्यात उतरवली. आमच्या मरीनात क्रेन चालवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची एक पद्धत होती. बोट तरंगली तरी पट्टे सोडायचे नाहीत. मालकाने आत जायचं, प्रत्येक व्हॉल्व्ह बघायचा, मगच पट्टे सुटायचे. मी आत गेलो, टॉर्च मारला, वर येऊन सांगितलं, “सगळं कोरडं आहे.” ते म्हणाले, “कोरडं दिसतंय की कोरडं आहे? कागदी रुमाल घे आणि प्रत्येकाच्या खालून पुसून आण.”

जरा रागच आला. मागे चार जण रांगेत होते. पण गेलो. तिसऱ्या व्हॉल्व्हखालचा कागद ओला निघाला. पितळाला केसाएवढी चीर होती आणि ती खालच्या अंगाला होती, जिथे डोळा पोचत नाही. पट्टे सोडले असते, मी घरी जेवायला गेलो असतो, तर रात्रीतून चीर वाढली असती की नसती, देव जाणे. बोट पुन्हा वर घेतली, व्हॉल्व्ह बदलला.

आता मागच्या व्याख्यानातली एक गोष्ट आठवा. भाट्ट मीमांसक म्हणतात, अभाव कळण्याचं एक स्वतंत्र साधन आहे, अनुपलब्धी. वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही. पण लगेच अट घालतात : ती अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. म्हणजे, ती वस्तू तिथे असती तर मला दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, याने घडा नाही हे सिद्ध होत नाही. नैयायिक अनुपलब्धीला वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण ही अट त्यांनाही मान्य आहे.

मी ही अट वीस वर्षं वर्गात शिकवत होतो. टॉर्च मारून “कोरडं आहे” म्हणालो ती अयोग्य अनुपलब्धी होती. पाणी असतं तरी मला तिथून दिसलं नसतं. कागदी रुमाल घेऊन हात घातला तेव्हा ती योग्य झाली. थेंब असता तर कागदावर आलाच असता. क्रेनवाल्यांनी कुमारिल भट्टांचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांना ते कळलं होतं, कारण पट्टे सोडल्यावर बुडालेल्या बोटी त्यांनी पाहिल्या होत्या.

त्यानंतरचा माझा नियम असा. जमिनीवर बोट असताना व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे, दोन-तीनदा उघडझाप करून गोळ्यातलं पाणी जाऊ द्यायचं. आणि यादीत ‘पाणी काढलं’ असं न लिहिता ‘पाणी नाही हे कशावरून’ असं लिहायचं. फुंकर मारल्यावर हवा पलीकडून आली. गुलाबी रंग गडद आला. कागद कोरडा निघाला. प्रत्येक ओळीपुढे पुरावा.

दुसरा रस्ता : बोट पाण्यातच

काही लोक हिवाळाभर बोट पाण्यातच ठेवतात. कुणाला जमिनीवर जागा मिळत नाही, कुणाची बोट क्रेनला पेलत नाही, आणि टोरांटोच्या बंदरात काही माणसं बारा महिने बोटीवरच राहतात. मी दोन हिवाळे ठेवली कारण आमच्या मरीनात जमिनीचं काम निघालं होतं.

इथे पाण्याच्या त्या ४ अंशांच्या स्वभावाचा उपयोग करतात. दोन प्रकार आहेत. एकात तळाशी भोकं पाडलेली नळी टाकून पंपाने हवा सोडतात; बुडबुडे वर येताना तळाचं उबदार पाणी बरोबर आणतात. दुसऱ्यात एक लहान मोटर आणि पंखा बोटीखाली दोराने टांगतात, तो खालचं पाणी वर ढकलतो. दोन्हीत वीज पाणी तापवत नाही, फक्त हलवते. ऊब सरोवराचीच. त्यामुळे पाणी फार उथळ असेल, किंवा जोराच्या वाऱ्याने सगळं पाणी ढवळून तळही ० अंशाजवळ आला असेल, तर वर आणायला काही उरत नाही आणि यंत्र फुकट फिरतं. आणि गरज नसताना ते सतत चालू ठेवलं तर तुम्हीच तळाची ऊब उधळता. थर्मोस्टॅट लावा.

बर्फ स्थिर असेल तर फायबरग्लासची बोट सहसा तग धरते. हलणारा बर्फ घातक. वाऱ्याने बर्फाची अख्खी लादी सरकते आणि बोट धक्क्याशी चेपते. पाण्याची पातळी चढली की बर्फात रुतलेले खांब जमिनीतून उपटले जातात.

दुसरं, बर्फवृष्टी. हिशेब करून पाहा. आमच्या बोटीचं वरचं क्षेत्रफळ साधारण १५ चौरस मीटर. त्यावर ३० सेंटीमीटर बर्फ म्हणजे ४.५ घनमीटर. ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला १०० किलोपर्यंत, म्हणजे साडेचारशे किलो. तेवढीच जाडी बसलेल्या, पावसाने भिजलेल्या बर्फाची असेल, तर घनमीटरला ३०० किलो, म्हणजे साडेतेराशे. बोटीचं स्वतःचं वजन तीन टन. एवढा बोजा आला की बोट खाली बसते, आणि बाजूची जी भोकं एरवी पाण्याच्या वर असतात ती पाण्याखाली जातात. त्यांच्या पाइपला तडा असेल तर तिथून पाणी आत शिरतं. मरीनात बांधलेल्या बोटी अशाही बुडतात, तेही वादळ नसताना, शांत रात्री.

तिसरं, वीज. गोड्या पाण्यात वीज गळली तर ती खाऱ्या पाण्यापेक्षा माणसाला जास्त धोक्याची, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगलं वाहक, म्हणून वीज शरीराला वळसा घालून जाते. गोडं पाणी शरीरापेक्षा वाईट वाहक, म्हणून पाण्यातला माणूस हाच विजेला सोपा रस्ता. स्नायू आखडतात, पोहता येत नाही, माणूस बुडतो. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा मरीनात पोहायचं नाही, आणि कुणी पाण्यात पडलं तर आधी धक्क्यावरची वीज बंद करायची. विजेची केबल, प्लग काळा पडलेला नाही ना, गळती झाल्यावर तोडणारं यंत्र चालतं ना, हे हिवाळ्यापूर्वी तपासा.

गंजापासून वाचवायला बोटीला ‘बळीचा’ धातू लावतात, जो स्वतः झिजतो आणि पंखा वाचवतो. समुद्रात जस्ताचा लावतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि ते काम करेनासं होतं. तिथे मॅग्नेशियम लावा.

बोटीवर राहणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. त्या वायूला वास नसतो, आणि बर्फाने हीटरचं धुराडं किंवा हवेची वाट बुजली की तो आत कोंडतो. एक खिडकी किलकिली ठेवायची, थंडी वाजली तरी.

मी पडलो ती सकाळ

पाण्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यातली, मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. रात्री बर्फ पडला होता, तो झाडायला सकाळी सातला एकटाच गेलो. धक्क्यावर काचेसारखा पातळ बर्फ होता. माझं वय अठ्ठावन्न. पाय सरकला आणि धक्का व बोट यांच्यामधल्या फटीत, बुडबुड्यांनी उघड्या ठेवलेल्या पाण्यात, गळ्यापर्यंत गेलो.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्याबद्दल एक सूत्र प्रसिद्ध केलं आहे : १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला. मग हातपाय कामाचे राहतात अशी १० मिनिटं. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या मिनिटात नुसता घशातून आवाज येत होता. मग शिडीकडे सरकलो. शिडी होती. पण तिच्या खालच्या पायऱ्या उन्हाळ्यात कुणीतरी वर दुमडून बांधून ठेवल्या होत्या, आणि त्या गाठीवर बर्फ जमला होता. शिडी रोज डोळ्यांसमोर होती. पाण्यातून चढता येईल अशी शिडी नव्हती, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तीन बोटी पलीकडे बोटीवर राहणारी एक बाई चहा करत होती. तिला माझा आवाज आला. तिने पाण्यात उडी मारली नाही. वीज बंद केली, दोर टाकला, मग दुसऱ्याला हाका मारल्या. दोघांनी ओढलं. हॉस्पिटलात चार तास, नंतर ठीक. ती बाई त्या दिवशी गावाला गेली असती तर हे व्याख्यान झालं नसतं.

‘फिजिक्स’च्या दुसऱ्या भागात अॅरिस्टॉटल एक उदाहरण देतो. ज्याच्या असण्याने जहाज सुखरूप राहतं, त्याच्या नसण्यालाच आपण जहाज बुडण्याचं कारण मानतो, म्हणजे तांडेल. तांडेलाने काही केलं नाही. तो नव्हता, एवढंच कारण. जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या बोटीत फरक आहे तो हाच. जमिनीवर तुम्ही एकदा पाण्याचा अभाव नीट घडवलात, त्याची खात्री केलीत, की पुढचे सहा महिने तुम्ही नसलात तरी चालतं. अभावाला वीज लागत नाही. रिकामा पाइप वीज गेली तरी रिकामाच राहतो. पाण्यात मात्र पंप चालू असणं, दोर ताणलेले असणं, कुणीतरी बर्फ झाडणं, अशा असण्यावर सगळं उभं असतं. तिथे तुमची गैरहजेरी हेच बुडण्याचं कारण होऊ शकतं. कुठे ठेवायची हे ठरवताना पैशाचा हिशेब करा, पण आधी हे विचारा : जानेवारीत आठवडाभर मी इथे नसलो तर काय होईल?

पडल्यानंतरचे नियम : कोटावर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय धक्क्यावर जायचं नाही, जाताना कुणाला तरी फोन करायचा, आणि शिडीची शेवटची पायरी पाण्यात आहे हे हाताने पाहायचं.

त्या पत्रलेखकांना एवढंच म्हणेन की घडा नाही तर काही बिघडत नाही, पण ‘पाणी नाही’, ‘वायू नाही’, ‘गळती नाही’ या वाक्यांवर माणसाचा जीव असतो, आणि ती वाक्यं आपण फार सहज बोलतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : बोटीत लहान हीटर लावून ठेवला तर पाणी काढायची गरज काय?*

वीज असेपर्यंत गरज नाही. पण वीज जाते ती बर्फाच्या वादळात, म्हणजे नेमकी तेव्हाच जेव्हा सगळ्यात जास्त थंडी असते किंवा येऊ घातलेली असते. शिवाय रिकाम्या बोटीत हीटर म्हणजे आगीचा धोका. हीटर लावा, पण पाणी काढल्यानंतर, जास्तीचा म्हणून.

*प्रश्न : मी रत्नागिरीची. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. तेच का हे?*

अगदी तेच, ऋतू वेगळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रावर जायचं. तुमच्याकडेही धोका गोड्या पाण्याचाच. खारं पाणी लाकडाला बऱ्यापैकी टिकवतं. पावसाचं गोडं पाणी फळ्यांच्या सांध्यात साचलं की लाकूड कुजतं. म्हणून झाप. मात्र लाकडी होडी फार वाळली तर फळ्या आकसतात आणि समुद्रात घातल्यावर फुगेपर्यंत पाणी घेते. आमची फायबरग्लासची बोट वाळल्याने बिघडत नाही.

*प्रश्न : बुडबुड्यांनी उघडं ठेवलेलं पाणी इतरांना धोक्याचं नाही का?*

आहे. आजूबाजूचा बर्फ वरून जाड दिसतो आणि पातळ असतो. लोक बर्फावर मासे धरायला, स्केटिंगला येतात. जिथे लोकांची ये-जा असते तिथे बर्फात उघडं पाणी तयार करणाऱ्यावर ते राखण्याची आणि इशारा लावण्याची जबाबदारी कॅनडाच्या फौजदारी कायद्यानेच टाकली आहे. खांब रोवा, दोर लावा, दिवा लावा.

*प्रश्न : बोट अजून आहे?*

नाही. चार वर्षांपूर्वी विकली. गुडघे साथ देईनात, आणि टेकूंवरच्या बोटीवर शिडी लावून चढणं मला झेपेनासं झालं. घेणारं जोडपं तरुण होतं. त्यांना बोटीबरोबर यादीची वहीही दिली, ‘कशावरून’ या रकान्यासकट. पहिल्या मे महिन्यात त्यांचा फोन आला की सगळे कागद कोरडे निघाले. मी विचारलं, सुकाणू बघितलंत का? ते राहिलं होतं. मग त्यांनी पट्टे सुटायच्या आत ते पाहिलं. ठीक होतं.

थांबतो.